शाळेच्या भोंग्याला ‘ए ग्रेड’ नसते

“आमच्याकडे ए ग्रेडची फायर अलार्म सिस्टीम आहे, अग्निशमन दलाचा दाखला आहे, आणि पंचवीस वर्षांत या इमारतीत कधी काडीसुद्धा पेटलेली नाही. मग प्रश्न कसला?”

भिवंडीतल्या एका शाळेच्या पालकसभेत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी हे उत्तर दिलं. प्रश्न एका आईचा होता. शाळेमागच्या गल्लीतल्या चिंधीच्या गोदामाला आग लागली होती. धूर दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गांत आला, मुलं खोकू लागली, बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. भोंगा मात्र वाजलाच नाही. तो का वाजला नाही, एवढंच त्या विचारत होत्या. उत्तर ऐकून टाळ्या पडल्या आणि सभा पुढच्या विषयाकडे, गणवेशाच्या दुकानाकडे वळली. नातवासाठी गेलेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस त्या वेळी गप्प राहिला, याची मला लाज वाटते. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो.

ते गृहस्थ प्रामाणिक आहेत, शाळेसाठी त्यांनी खूप केलं आहे. त्यांचा एकेक मुद्दा शहरातल्या बहुतेक संस्थाचालकांच्या तोंडी असतो, म्हणूनच त्याला उत्तर देणं गरजेचं आहे.

‘ए ग्रेड’पासूनच सुरुवात करतो, कारण सगळा घोळ त्या शब्दात आहे. शाळेच्या जगात ‘अ’ श्रेणी म्हणजे उत्तम निकाल. प्रगतिपुस्तकावर ‘अ’ दिसला की पालक पुढचं वाचत नाहीत. विक्रेत्याच्या कोटेशनवर ‘ग्रेड ए’ दिसलं तेव्हा संस्थेनेही पुढचं वाचलं नसावं. पण अलार्मच्या क्षेत्रात हा शब्द गुणवत्तेची पायरी दाखवत नाही. तो ब्रिटिश मानकातला आहे. बीएस ५८३९ हे त्याचं नाव, आणि ग्रेड येतात त्याच्या सहाव्या भागात, जो घरांसाठी लिहिलेला आहे. तिथे ग्रेड ए म्हणजे नियंत्रण पॅनल असलेली पूर्ण यंत्रणा. ग्रेड डी म्हणजे घरच्या विजेवर चालणारा, आत बॅटरीचा आधार असलेला सुटा अलार्म. ग्रेड एफ म्हणजे नुसत्या बॅटरीवरचा. यंत्रणा कोणत्या प्रकारच्या उपकरणांची आहे, एवढंच ग्रेड सांगते. ती कुठे बसवली आहे, किती खोल्यांवर तिचं लक्ष आहे, कुणासाठी वाजणार आहे, हे ग्रेडमधून कळतच नाही.

शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांच्यासाठी त्याच मानकाचा पहिला भाग आहे. त्यात ग्रेड नाहीतच. तिथे वर्ग केले आहेत ते उद्देशावरून. ‘एम’ म्हणजे माणसाने काच फोडून वाजवायची यंत्रणा. ‘एल’ म्हणजे जीव वाचवण्यासाठीची स्वयंचलित यंत्रणा. तिचे एल-१ ते एल-५ असे प्रकार आहेत. एल-१ मध्ये इमारतीचा जवळजवळ प्रत्येक कोपरा येतो, एल-४ मध्ये फक्त जिने आणि व्हरांडे, म्हणजे बाहेर पडायचा मार्ग. एल-३ मध्ये त्या मार्गावर उघडणाऱ्या खोल्याही येतात. एल-२ मध्ये त्यापलीकडच्या जोखमीच्या खोल्यांची भर पडते. एल-५ ही त्या इमारतीच्या एखाद्या खास धोक्यापुरती आखलेली असते. आणि ‘पी’ म्हणजे मालमत्ता वाचवण्यासाठीची.

आपल्याकडे या कामाचं मानक आहे आयएस २१८९. कोणत्या वापराच्या आणि किती उंचीच्या इमारतीत काय लागतं ते राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात, २०१६ च्या आवृत्तीत, ठरवून दिलं आहे. शैक्षणिक इमारती तिथे ‘गट बी’मध्ये येतात. म्हणजे भारतीय नियमांत शाळेला एखादं अक्षर चिकटत असेल तर ते ‘बी’ आहे, आणि तेही दर्जाचं नसून वापराचं. एखादी शाळा ‘ए ग्रेड’ सांगते तेव्हा ती परक्या देशातल्या घरांच्या मानकातला अर्धा शब्द सांगत असते. मला तो शब्द ऐकायचा नाही. मला ऐकायचं आहे की मीटर रूममध्ये डिटेक्टर आहे का, आणि दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या वर्गात दार लावल्यावर हूटर ऐकू येतो का.

‘पी’ आणि ‘एल’मधला फरक भिवंडीइतका दुसऱ्या कुठल्या गावाला समजायला हवा, सांगा. मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात गोदामांची रांग आहे. रात्रीच्या आगी, धुराचे लोट, ठाणे आणि कल्याणहून येणारे बंब हे आम्ही लहानपणापासून नाही तरी गेली कित्येक वर्षं बघतो आहोत. ज्या गोदामात नीट यंत्रणा बसवली जाते तिथे ती मालासाठी असते, विम्यासाठी असते. रात्री आत कुणी नसताना धूर ओळखावा आणि बाहेर कळवावं, एवढं तिचं काम. शाळेतल्या यंत्रणेचं काम याच्या उलट आहे. आत हजार मुलं असताना, दिवसाढवळ्या, त्यांतल्या सगळ्यांत लहान मुलाला जिना उतरायला वेळ मिळवून द्यायचा. पण पुष्कळदा दोन्हीकडे काम करणारा ठेकेदार एकच असतो, आणि गोदामाची सवय शाळेत येते. पॅनल मुख्याध्यापकांच्या बंद केबिनमध्ये, एक हूटर ऑफिसच्या बाहेर, दोन डिटेक्टर संगणक कक्षात, कारण महागडी वस्तू तिथे आहे. ही मालमत्तेची यंत्रणा झाली. संगणक वाचतील.

आता त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. सभेत तो कुणी मांडला नाही, पण मांडता आला असता. दिवसाच्या शाळेत मुलं जागी असतात, प्रत्येक वर्गात शिक्षक असतो, कुणीतरी धूर पाहीलच. मग प्रत्येक छताला डिटेक्टर कशाला? हाताने वाजवायची यंत्रणा पुरेशी नाही का?

हा मुद्दा खोटा नाही. ब्रिटनमध्येसुद्धा दिवसाच्या शाळांसाठी मूळ गरज म्हणून हाताने वाजवायची यंत्रणाच धरली जाते. मुलं झोपतात अशा वसतिगृहाची गोष्ट वेगळी. आपल्या संहितेतही स्वयंचलित यंत्रणेची सक्ती सरसकट नाही, इमारतीच्या उंचीनुसार ती बदलते. तेव्हा दोन मजली शाळेच्या प्रत्येक वर्गात डिटेक्टर हवा, असं मी म्हणत नाही. म्हणणारा बहुधा विकायला आलेला असेल.

पण आग वर्गात लागत नाही. आग लागते जिथे कुणी बसलेलं नसतं तिथे. जिन्याखाली रचलेल्या मोडक्या बाकांत, मीटर रूममध्ये, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत, पोषण आहाराच्या शेगडीशी, प्रयोगशाळेच्या कपाटात. शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेची आग हे याचं जगभर अभ्यासलं गेलेलं उदाहरण आहे. १ डिसेंबर १९५८. आग सुरू झाली तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पुठ्ठ्याच्या पिंपात. वर वर्ग भरलेले, शाळा सुटायला थोडाच वेळ राहिलेला. बराच वेळ ती धुमसत राहिली आणि कुणाला पत्ता लागला नाही. मग ज्वाळा जिन्याच्या धुराड्यातून वर चढल्या. पहिल्या मजल्यावर जिन्याला दारं होती, ती लागलेली होती, तो मजला वाचला. वरच्या मजल्याला दार नव्हतं. व्हरांडा धुराने भरला तेव्हा वर्गांतल्या मुलांना खिडकीशिवाय वाट उरली नाही. ९२ मुलं आणि त्यांना शिकवणाऱ्या तीन जोगिणी गेल्या.

त्या शाळेतही प्रत्येक वर्गात शिक्षक होता. ‘कुणीतरी पाहील’ हा भरवसा त्या दिवशी उपयोगी पडला नाही, कारण पाहण्याच्या जागी आग नव्हती. शाळेत घंटा होती, पण ती इमारतीपुरती. अग्निशमन दलाशी जोडलेली नव्हती. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हाताची यंत्रणा सगळीकडे असावी आणि स्वयंचलित डिटेक्टर त्या चारपाच ठिकाणी, जिथे माणूस नसतो. स्वयंपाकाच्या जागी धुराचा डिटेक्टर नको, फोडणीला वाजेल. तिथे उष्णतेचा लावतात. खोट्या अलार्मची भीती घालणाऱ्यांनी आधी कुठला डिटेक्टर कुठे लावला आहे ते तपासावं. चुकीच्या जागी लावलेला डिटेक्टर वारंवार वाजतो, मग शिपाई पॅनलचा आवाज बंद करून ठेवतो, आणि तो बंदच राहतो. मी हे एकाहून अधिक शाळांत पाहिलं आहे. पॅनलवर पिवळा दिवा लुकलुकत असतो आणि विचारलं की सांगतात, “तो तसाच असतो.”

दुसरं उत्तर होतं दाखल्याचं. शिकागोच्या त्या शाळेची अग्नितपासणी आगीच्या काही आठवडेच आधी झाली होती आणि शाळा तीत उत्तीर्ण होती. इमारत जुनी होती, म्हणून नव्या नियमांतल्या अनेक गोष्टी तिला लागू नव्हत्या. कागदावर काहीही चुकलेलं नव्हतं. दाखला दाखवून चर्चा थांबवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचा कायदा तरी काय सांगतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. या कायद्याने जबाबदारी अग्निशमन दलावर टाकलेली नाही. ती इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याच्यावर टाकली आहे. लोक ज्याला ‘दाखला’ म्हणतात तो बहुतेक वेळा ना हरकत दाखला असतो. नकाशा मंजूर होताना एकदा, बांधकाम संपल्यावर एकदा. तो त्या दिवसाचा फोटो आहे. आजचं शाळेचं रूप त्यात नाही. त्यानंतर व्हरांड्यात पत्रे टाकून काढलेला वर्ग त्यात नाही, मागच्या जिन्याला लावलेली ग्रिल त्यात नाही.

म्हणून कायद्याने पुढची सोय केली. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा नियमानुसार बसवल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, तो नमुना अ. आणि मग दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोनदा, ती यंत्रणा चालू आणि सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं, तो नमुना ब. वर्षातून दोनदा. पंचवीस वर्षांच्या इमारतीने कायदा आल्यापासून असे किती ‘ब’ नमुने दिले, हा त्या पदाधिकाऱ्यांना विचारायचा खरा प्रश्न होता. तो दाखला पंचवीस वर्षांपूर्वीचा असेल तर ते ‘आहे’ म्हणतात ते खरंच आहे, पण कायद्याला हवं ते नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. राष्ट्रीय इमारत संहिता ही फक्त शिफारस आहे, बंधन नाही. वकील मंडळी हे फार विश्वासाने सांगतात. पण राज्याचा हा कायदाच त्या संहितेचा आधार घेतो. आणि शाळांच्या बाबतीत हा वाद १३ एप्रिल २००९ रोजी संपलेला आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला. तो खटला तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या आगीतून उभा राहिला होता. १६ जुलै २००४, एकाच इमारतीत कोंबलेल्या शाळा, दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक चाललेला, वरचं छप्पर शाकारलेलं, उतरायला अरुंद जिना. ९४ मुलं गेली. न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. सरकारी असो की खासगी, प्रत्येक शाळेने सहा महिन्यांत आग विझवण्याची साधनं बसवावीत, कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवावं, ज्वालाग्राही वस्तू शाळेत ठेवू नयेत. अभियंत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी संहितेचं काटेकोर पालन करावं, प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय सुरक्षिततेचं प्रमाणपत्र देऊ नये, आणि कुचराई करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. यात जुन्या शाळांना सूट नाही.

निकालाच्याच वर्षी संसदेने शिक्षण हक्क कायदा केला. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीला काय हवं याची यादी आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, शिक्षकागणिक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. आगीचा शब्द त्यात नाही. स्वयंपाकघर आहे, त्यातून येणाऱ्या धोक्याची व्यवस्था नाही. मला वाटतं आपल्या शिक्षण खात्याच्या सगळ्या तपासण्या या यादीच्या सावलीत होतात. अधिकारी येतो, स्वच्छतागृह मोजतो, हजेरीपट बघतो आणि जातो. आगीचा विषय ‘दुसऱ्या खात्याचा’ म्हणून सुटतो, आणि ते दुसरं खातं शाळेत फार क्वचित पोचतं.

आता घंटेकडे येतो, कारण सभेत माझ्या शेजारी बसलेले एक काका पुटपुटले होते, “घंटा आहे की, आणखी भोंगा कशाला?” रुळाच्या तुकड्यावर शिपाई हातोडा मारतो ती लोखंडी घंटा मला प्रिय आहे. तिला वीज लागत नाही. आग लागल्यावर वीज पहिल्यांदा जाते, एमसीबी पडतो, आणि भिंतीवरची विजेची बेल मुकी होते. म्हणून नियमाने अलार्मच्या पॅनलला स्वतःची बॅटरी लागते. ब्रिटिश मानकाप्रमाणे ती वीज गेल्यावर २४ तास यंत्रणा जागी ठेवते आणि त्यानंतरही अर्धा तास भोंगा वाजवू शकते. शाळेच्या पॅनलमधली बॅटरी शेवटची कधी बदलली हे कुणालाच सांगता येत नसेल, तर त्या लोखंडी घंटेवरच भरवसा ठेवावा, असंच मी म्हणेन. पण घंटेची अडचण वेगळी आहे. मुलांच्या कानाला ती तासाची, मधल्या सुट्टीची, शाळा सुटल्याची आहे. ती ऐकून मूल दप्तर भरतं, पाण्याची बाटली शोधतं, मित्रासाठी थांबतं. आगीचा आवाज वेगळा हवा, त्याचा अर्थ एकच हवा, आणि तो सरावात कानावर पडलेला हवा.

आणि तो ऐकू यायला हवा. इथे आपलं शहर आडवं येतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो. गल्लीला लागून शेड आणि शेडला लागून शाळा, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, अशा वर्गात बाई ओरडून शिकवतात हे भिवंडीकरांना सांगायला नको. ब्रिटिश मानक म्हणतं की अलार्म साधारण ६५ डेसिबल तरी हवा, आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त टिकणारा दुसरा आवाज असेल तर त्याच्यापेक्षा पाच डेसिबल वर हवा. मागाची खटखट अर्ध्या मिनिटाची नसते, ती पाळीभर चालते. त्यात हूटर व्हरांड्यात आणि वर्गाचं दार लागलेलं. एका साध्या लाकडी दारामागे आवाज वीसेक डेसिबलने उतरतो. तेव्हा सुट्टीच्या दिवशी शांत इमारतीत हूटर वाजवून ‘चालतो’ असा शेरा मारणं निरर्थक आहे. चाचणी शाळा भरलेली असताना, शेजारचे माग चालू असताना, प्रत्येक वर्गाचं दार लावून घ्यायला हवी. याला डेसिबल मोजायचं यंत्रही लागत नाही. सगळ्यांत लांबच्या वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलाला विचारा, ऐकू आलं का.

भाषेचंही असंच. या शहरात मराठी शाळा आहेत, उर्दू आहेत, हिंदी आहेत, पद्मानगरच्या विणकर कुटुंबांसाठी तेलुगू आहेत. ‘फायर एक्झिट’ असं इंग्रजी अक्षरांतलं हिरवं पत्र्याचं पाटुकलं सगळीकडे सारखं लावलेलं असतं. तिसरीतल्या मुलाला ते वाचता येत नाही. शाळेच्या माध्यमाच्या भाषेत ठळक बाण काढायला रंगाचा एक डबा पुरतो.

खर्चाचं कारण मी सहानुभूतीने ऐकतो. अनुदानित शाळेला वेतनेतर अनुदानाची रड कायमची आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापुरातल्या एका शाळेत, लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर शासनाने महिन्याभरात शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवायचा आदेश काढला, आणि न बसवणाऱ्यांच्या मान्यतेचा आणि अनुदानाचा प्रश्न उभा केला. माझ्या ओळखीच्या शाळांत कॅमेरे लागले. कुणी देणगी जमवली, कुणी माजी विद्यार्थ्यांना गाठलं, कुणी कर्ज काढलं. बरं झालं, लागायलाच हवे होते. पैसा नाही हे वाक्य मात्र तेव्हा ऐकू आलं नाही. विचारणारा ठाम असला की पैसा उभा राहतो. अलार्मबद्दल अजून कुणी ठामपणे विचारलेलं नाही.

आणि सगळं काही पैशाचं नाही. त्या सभेनंतर मी इमारतीत एक फेरी मारली. मागच्या जिन्याला तळाशी लोखंडी जाळीचं दार आहे, त्याला कुलूप. मुलं मागून पळून जातात म्हणून ते लावलं, असं कळलं. किल्ली एका शिपायाकडे असते आणि तो त्या दिवशी रजेवर होता. पुढच्या जिन्याखाली जुनी बाकं, गॅदरिंगचं नेपथ्य आणि रद्दीचे गठ्ठे. म्हणजे आग लागायची जागा आणि बाहेर पडायची वाट एकच, आणि दुसरी वाट बंद. अशा इमारतीत जगातला उत्तम अलार्म बसवला तरी तो हजार मुलांना एका धुराड्याकडे पळायला सांगेल. ते कुलूप काढायला, ती बाकं हलवायला रुपयाही लागत नाही.

नेपथ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जानेवारी हा नमुना ब द्यायचा महिना आहे, आणि स्नेहसंमेलनाचाही. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाने पेट घेतला आणि ४०० हून अधिक माणसं गेली, त्यांत बहुसंख्य मुलं आणि त्यांच्या आया. शाळेची इमारत तेव्हा सुरक्षित होती की नाही याला अर्थच उरला नाही, कारण समारंभ दुसरीकडे होता. आपल्या शाळा गॅदरिंगला मैदानात कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मांडव घालतात, विजेची जोडणी मांडववाल्यावर सोडतात आणि गर्दी आवरायला एकच फाटक उघडं ठेवतात. कापडाच्या गावात कुठलं कापड कसं पेटतं आणि वितळून अंगावर कसं गळतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

‘पंचवीस वर्षांत काही झालं नाही’ या वाक्याला मी काय उत्तर देऊ? ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीपर्यंत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षातही काही झालं नव्हतं. त्या रात्री दहा अर्भकं गेली, त्यांतली बहुतेक जळून नव्हे तर धुराने गुदमरून. परिचारिकेने दार उघडलं तेव्हा खोली धुराने भरलेली होती. दार उघडेपर्यंत कुणाला काही कळवणारं तिथे काहीच नव्हतं. आमच्या शाळेत त्या गल्लीतल्या आगीच्या दिवशी काय झालं ते आठवा. धूर आला, मुलं खोकली, बाईंनी स्वतःच्या अकलेने खिडक्या लावल्या. भोंगा का वाजला नाही, तर वाजवायचा कुणी हे ठरलेलंच नव्हतं. बाहेरच्या धुरासाठी मुलांना आत ठेवायचं की मैदानात न्यायचं की पुढच्या रस्त्यावर, हेही कुणाला माहीत नव्हतं. त्या आईला उत्तर हवं होतं ते याचं.

उरली गोष्ट महापालिकेच्या स्वतःच्या शाळांची. तिथे भिवंडी-निजामपूर महानगरपालिका मालक आहे, आणि अग्निशमन दलही तिचंच आहे. प्रमाणपत्र देणारी आणि घेणारी दोन्ही टेबलं एका छपराखाली आहेत, म्हणून खासगी शाळांना नोटीस काढण्याआधी तिने आपले कागद बाहेर ठेवले पाहिजेत. मागणी एकाच ओळीची आहे. येत्या जुलैत भिवंडीतल्या प्रत्येक शाळेचा, मनपाची असो, अनुदानित असो वा विनाअनुदानित, नमुना ब महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि शाळेच्या फाटकावरच्या फलकावर लावावा, एजन्सीच्या नावासकट आणि तपासणीच्या तारखेसकट. ज्यांनी दिला नाही त्यांची यादीही लावावी. मी आमच्या शाळेच्या फाटकाशी एक ऑगस्टला जाऊन उभा राहणार आहे. त्या आईंनाही बोलावलं आहे.